एक मॉनिटर, एकोणतीस मोकळे हात

प्राथमिक शाळेच्या कुठल्याही वर्गात डोकावून पाहा. तीस मुले असतील तर त्यांत एक मॉनिटर असतो; फार तर एक मुलगा आणि एक मुलगी. बहुधा पहिल्या बाकावरची, अभ्यासात पुढे असलेली, अक्षर चांगले असलेली. बाई बाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहायची, वह्या गोळा करायच्या, ऑफिसातून खडू आणायचे, अशी सगळी कामे त्याच्याकडे. जून ते एप्रिल तोच. बाकीची एकोणतीस मुले वर्गात पाहुण्यासारखी बसतात. पंखा फिरत राहिला तर तो शाळेचा, नळ गळत राहिला तर तो शाळेचा, कोपऱ्यात कागदाचे बोळे पडले तर ते शिपाईमामांचे. आणि बऱ्याच जिल्हा परिषद शाळांत शिपाईमामा नसतातच.

यंदा शाळा उघडण्याआधी या जुन्या पद्धतीबद्दल चार गोष्टी बोलाव्यात असे आम्हाला वाटले. कल्पना साधी आहे: वर्गातल्या प्रत्येक मुलाला, एकालाही न वगळता, एक खरे काम द्यायचे आणि ते ठरावीक दिवसांनी बदलायचे. ऐकायला सोपी वाटते. करायला गेले की घरातले, मोहल्ल्यातले आणि मनातले बरेच काही वर येते.

आम्ही वणीचे उदाहरण डोळ्यासमोर ठेवून लिहीत आहोत. वणीचे नाव घेतले की महाराष्ट्राला सप्तशृंगीचा गड आठवतो. चैत्रात आणि नवरात्रात पायी येणाऱ्या भाविकांनी इथले रस्ते भरून जातात. पण इथे राहणाऱ्याला वणी म्हणजे दिंडोरी तालुक्यातली बाजारपेठ. आजूबाजूला द्राक्षबागा, टोमॅटो, भाजीपाला. पावसाळा सरला की बागांच्या गोडी छाटणीला सुरुवात होते आणि सुरगाणा, पेठ, कळवण भागातून मजुरांची कुटुंबे खाली उतरतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुले येतात. काही काढणी संपेपर्यंत इथल्याच शाळेत बसतात, काही मधूनच गायब होतात. म्हणजे इथल्या वर्गात दुकानदाराचे मूल असते, शेतकऱ्याचे असते, मजुराचे असते, आदिवासी पाड्यावरचे असते आणि आपलेही असते. अशा वर्गात ‘कोणते काम कोणाचे’ हा प्रश्न फळा पुसण्यापुरता राहत नाही.

समजा, चौथीचा वर्ग आहे आणि पटावर तीस मुले आहेत. तीस कामे कुठून आणायची? शिक्षक पहिल्यांदा हेच विचारतात. पण वर्गाकडे जरा थांबून पाहिले की कामे सापडत जातात. फळा पुसणारे दोघे. तारीख, वार आणि हजर मुलांची संख्या लिहिणारा एक. खिडक्या सकाळी उघडणारा आणि सुटताना बंद करणारा एक. दिवे-पंखे पाहणारा. दाराबाहेरच्या चपला रांगेत लावणारे दोघे. पाण्याच्या माठावर झाकण आहे का, डोहाळे जागेवर आहे का हे पाहणारे दोघे. हात धुण्याच्या जागी साबण संपला तर सांगणारी. वाचनकोपऱ्यातल्या पुस्तकांची नोंद ठेवणारे. खडूच्या डब्याचा मालक. कुंड्यांना पाणी घालणारे. हरवले-सापडले पेटी सांभाळणारी. पोषण आहाराच्या वेळी ताटे वाटणारे, रांग लावणारे, खरकटे एका बादलीत जाते की नाही हे पाहणारे. पावसाळ्यात पावसाची, उन्हाळ्यात तापमानाची नोंद करणारा. आणि झाडणारे. झाडणाऱ्यांबद्दल पुढे बोलू. खरी गोष्ट तिथेच आहे.

दोन कामे मात्र आम्हाला विशेष वाटतात. पहिले निरोप्याचे. वर्गातले एखादे मूल दोन दिवस आले नाही, तर त्याच्या घराजवळ राहणाऱ्या मुलाने चौकशी करायची, गृहपाठ सांगायचा आणि तिसऱ्या दिवशी बाईंना कळवायचे. बागेच्या हंगामात, लग्नसराईत, ईदच्या आगेमागे मुले गैरहजर राहतात. ती का राहतात हे मोठ्या माणसांना पुष्कळदा शेवटी कळते आणि शेजारच्या पोराला आधीच ठाऊक असते. दुसरे काम सोबत्याचे. हंगामात मधूनच वर्गात आलेल्या नव्या मुलाला पहिले पंधरा दिवस एकटे सोडायचे नाही. मुतारी कुठे, पाणी कुठे, कुठल्या सरांना काय विचारायचे हे दाखवायचे. घरी कोकणा बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी पहिल्या दिवशी जड जाते. आपल्यातल्या किती घरांत दखनी बोलतात आणि पहिलीत गेल्यावर आपल्या मुलांचीही जीभ कशी अडखळते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून सोबत्याचे काम आपल्या मुलांना चांगले जमते, असे आमचे मत आहे.

आता मॉनिटरच्या एका कामाविषयी. बाई नसताना बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे. हे काम आम्ही यादीतून काढून टाकले आहे आणि प्रत्येक शाळेने काढून टाकावे असे सुचवतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती दुसऱ्या नऊ वर्षांच्या मुलाची शिक्षा दिली की तो काय शिकतो? मित्राचे नाव पुसायचे, ज्याच्याशी भांडण आहे त्याच्या नावापुढे चार फुल्या मारायच्या आणि पेन्सिल, बोरे, चिंचा यांची छोटीशी लाच घ्यायची. कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याची टेहळणी करू नका, पाठीमागे निंदा करू नका, अशी ताकीद आहे. आपण घरी गीबत वाईट म्हणून शिकवतो आणि शाळेत त्याच मुलाला गीबतीचा खडू देतो. जबाबदारीच्या कामाने मूल इतरांच्या उपयोगी पडले पाहिजे. इतरांवर पहारा ठेवणे ही जबाबदारी नव्हे.

आपल्या देशात ही कल्पना नवी नाही, आणि तिच्या इतिहासात एका मुस्लिम शिक्षकाचे नाव ठळक आहे, हे आपल्या घरांत फारसे सांगितले जात नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने काम करता करता शिकायचे, या विचाराचा आराखडा करण्यासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. तेव्हा ते दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियाचे कुलगुरू होते. पुढे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. समितीत विनोबा, काका कालेलकर, जे. सी. कुमारप्पा यांच्याबरोबर ख्वाजा गुलाम सैयदैन हेही होते. त्याच डिसेंबरात अहवाल सादर झाला आणि १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने ही योजना स्वीकारली. तिलाच आपण नयी तालीम किंवा मूलोद्योग शिक्षण म्हणतो. त्या काळात या योजनेला मुस्लिम समाजातूनच कडाडून विरोध झाला, झाकिर साहेबांनाही बरेच ऐकून घ्यावे लागले. त्या वादात आम्ही इथे शिरत नाही.

आम्हाला महत्त्वाची वाटते ती झाकिर साहेबांच्या समितीने अहवालातच नोंदवलेली धास्ती. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा यावर फार भर दिला, तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम उपसून घेण्याच्या मागे लागतील आणि त्या कामातले शिक्षण हरवेल, असा तो इशारा होता. आज शाळेत सूतकताई नाही, पण इशारा तसाच लागू आहे. शिपाई नेमला नाही म्हणून मुलांकडून शाळा झाडून घेणे आणि शाळा आपली आहे म्हणून मुलांनी ती झाडणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. फरक ओळखायची खूण सोपी आहे. गुरुजी स्वतः झाडू हातात घेतात का? सगळ्यांची पाळी येते का? काम पंधरा मिनिटांत संपते का?

जामियाच्या प्राथमिक शाळेत, म्हणजे मदरसा इब्तिदाईत, अब्दुल गफ्फार मुधोली नावाचे एक शिक्षक होते. सगळे आयुष्य त्यांनी लहान मुलांत घालवले. त्यांच्या शाळेत मुलांची बँक होती, मुलांचे दुकान होते, आणि ‘बच्चों की हुकूमत’ होती, म्हणजे शाळेची व्यवस्था पाहणारे मुलांचे सरकार. बँकेचे हिशेब मुले ठेवत, दुकानाचा माल मुले सांभाळत. आज महाराष्ट्रातल्या पुष्कळ शाळांत बालमंत्रिमंडळ असते: स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री, पाणीमंत्री. चांगली गोष्ट आहे. पण निवडणूक झाली, फोटो काढला, यादी भिंतीवर लावली आणि संपले, असेही खूप ठिकाणी होते. शिवाय मंत्री आठ किंवा दहाच. उरलेल्यांचे काय? मुधोलींच्या शाळेतली दुकानदारी खरी होती. त्यात तोटा होऊ शकत होता. ज्या कामात चूक झाली तरी कोणाचे काही बिघडत नाही, ते काम मुलाला नाटक वाटते, आणि ते बरोबरच आहे.

जामियातलीच आणखी एक गोष्ट सांगितली जाते. मुलांनी बूट स्वच्छ करून यावे असे झाकिर साहेब वारंवार सांगत, मुले ऐकेनात. तेव्हा एके दिवशी ते स्वतः ब्रश आणि पॉलिशची डबी घेऊन शाळेच्या दारात बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पॉलिश करू लागले.

महाराष्ट्रात हे काम आणखी आधी सुरू झाले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह काढले. सगळ्या जातिधर्मांची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत, भांडी घासत, शेतात राबत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. त्या काळात एकमेकांच्या हातचे पाणी न पिणाऱ्या घरांतली मुले एका चुलीवर भाकरी भाजत होती, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. डॉ. आंबेडकरांनी आपल्या शाळेतली आठवण लिहून ठेवली आहे: त्यांना नळाला हात लावता येत नसे, शिपाई आला, त्याने नळ सोडला तरच पाणी मिळे, शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. म्हणून माठाजवळच्या कामाला आम्ही इतके महत्त्व देतो. पाणी देणाऱ्याच्या पाळीत आदिवासी मुलाचे नाव आहे का, आपल्या मुलाचे आहे का, आणि त्याच्या हातचे पाणी सगळे पितात का? या एका पाळीवरून वर्ग कळतो.

सेवाग्रामची आनंद निकेतन ही शाळा २००५ मध्ये नव्याने सुरू झाली. मराठी माध्यमाच्या या शाळेत मुले आजही सफाई, स्वयंपाकघर आणि शेती यांतून शिकतात. डाळ किती लागेल याचे गणित तिथे वहीत आणि पातेल्यात एकदमच होते.

आता झाडूकडे वळू. ‘आम्ही मुलाला शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही.’ हे वाक्य शाळेच्या दारात कितीतरी वेळा ऐकू येते. या वाक्याची चेष्टा आम्हाला करायची नाही. ज्यांच्या पिढ्यांना झाडूशिवाय दुसरे काम मिळाले नाही, त्यांच्या तोंडी हे वाक्य असेल तर ते रास्तच आहे. आपल्या देशात काही शाळांनी ठरावीक जातींच्या मुलांकडूनच संडास साफ करून घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आलेल्या आहेत. तेव्हा ज्या वर्गात झाडू दोघातिघांच्याच हाती दिसतो, तिथे पालकाने भांडायलाच हवे. पण सगळ्यांच्या हाती झाडू असेल आणि तरीही आपल्याच मुलाच्या हाती तो नको असेल, तर आपल्याला थोडे थांबून विचार करावा लागेल.

मदीनेतल्या मस्जिदे नबवीत एक काळी स्त्री झाडलोट करत असे. ती वारली; लोकांनी रात्रीच तिला दफन केले आणि प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना त्रास नको म्हणून सांगितले नाही. जणू ती बाब किरकोळ होती. ती दिसेना तेव्हा आपण (सल्ल.) चौकशी केली, मला का सांगितले नाही असे विचारले, तिची कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपल्या घरांत ती वाचली जाते, मस्जिदीत बयानात सांगितली जाते. आणि त्याच घरातली अम्मी शाळेत जाऊन म्हणते, माझ्या मुलाला झाडू देऊ नका.

झाडूचा दुसरा प्रश्न मुलींचा आहे. कामाची पाळी लावली तरी झाडणे आणि ताटे पुसणे आपोआप मुलींकडे सरकते, घंटा वाजवणे आणि ऑफिसात जाणे मुलांकडे. कोणी ठरवत नाही, होत जाते. मुलगे झाडू असा धरतात की धूळ समोरच्याच्या डोळ्यांत जाते. मग मुलगी वैतागून म्हणते, दे इकडे. इथे बाईंनी मध्ये पडायला हवे. न येणाऱ्याला शिकवायचे. येणारीला जुंपायचे नाही. हजरत आयशा (रजि.) यांना कोणी विचारले की प्रेषित (सल्ल.) घरात काय करत, तेव्हा त्यांनी सांगितले की घरच्यांच्या कामात हातभार लावत; आपली चप्पल सांधत, कपडा शिवत. ज्या घरात मुलगा ‘पानी’ असे ओरडतो आणि बहीण अभ्यास सोडून ग्लास आणते, त्या घरच्या मुलाला वर्गातली झाडण्याची पाळी आधी टोचेल. टोचू द्या.

जपानमध्ये हे सारे रोजच्या वेळापत्रकात असते. तिथल्या प्राथमिक शाळेत दुपारनंतर पंधरा-वीस मिनिटे सगळी मुले वर्ग, जिना, व्हरांडा झाडतात, पुसतात. सहावीची मुले पहिलीच्या मुलांना फडके कसे पिळायचे ते दाखवतात. जेवण मुलेच पांढरे अंगरखे आणि टोप्या घालून वाढतात. रोज दोघांची पाळी असते. त्या दिवसाची सकाळची आणि शेवटची सभा तेच चालवतात. त्यात हुशार, ढ, लाजाळू असा भेद नाही, पाळी आली की उभे राहायचे. या पद्धतीला तिकडे ‘तोक्कात्सू’ म्हणतात. इजिप्तने २०१६ मध्ये जपानशी शिक्षणाचा करार केला आणि २०१८ मध्ये याच धर्तीवर पस्तीस शाळा उघडल्या. मुलांनी वर्ग झाडायचा म्हटल्यावर तिथेही काही पालक कुरकुरले, अगदी आपल्यासारखेच. शाळा मात्र वाढत गेल्या.

अमेरिकेतले बिआट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांनी सहा देशांतल्या सहा वस्त्यांमधल्या तीन ते अकरा वर्षांच्या मुलांचा अभ्यास १९७५ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. केनिया, मेक्सिको, फिलिपाईन्स, ओकिनावा, उत्तर भारतातले खालापूर आणि अमेरिकेतले न्यू इंग्लंड. ज्या मुलांवर घरची खरी कामे सोपवलेली होती, धाकट्यांना सांभाळणे, जनावरे, पाणी, सरपण, ती दुसऱ्याला मदत करण्यात पुढे होती. केनिया, मेक्सिको आणि फिलिपाईन्सची मुले यात वरचढ ठरली. खालापूरची मुले त्या बाजूला नव्हती, न्यू इंग्लंडची तर नव्हतीच. मुलाला काम न लावण्यात माया आहे असे मानणाऱ्या आपल्या घरांनी हे लक्षात घ्यावे. अर्थात वणीच्या आसपास द्राक्षबागेत दिवसभर डबे वाहणाऱ्या मुलांना आणखी कामाची गरज नाही. अशा मुलाला पुस्तकांच्या कपाटाची किल्ली द्यावी, पावसाच्या नोंदीची वही द्यावी. घरी ज्याचे हात राबतात त्याला शाळेत डोक्याचे काम, घरी ज्याला पेला उचलावा लागत नाही त्याला माठाचे काम. सगळ्यांना सारखे काम म्हणजे न्याय असे नाही.

प्रत्यक्षात कसे करायचे, याबद्दल शिक्षकांना आणि शाळेशी बोलू पाहणाऱ्या पालकांना उपयोगी पडेल असे थोडे. एका पुठ्ठ्यावर कामांची नावे लिहावीत, प्रत्येक मुलाच्या नावाचा कपडे वाळत घालायचा चिमटा करावा आणि तो कामासमोर अडकवावा. पाळी रोज बदलली तर काम शिकायच्या आत हातातून जाते. महिनाभर ठेवली तर कंटाळा येतो. पंधरा दिवस बरे. पाळी बदलण्याच्या दिवशी जुन्याने नव्याला काम दाखवायचे. दहा मिनिटे जातात, पण या दहा मिनिटांत जो शेवटच्या बाकावरचा मुलगा कधी तोंड उघडत नाही तो पहिल्यांदा कुणाला तरी काही शिकवतो. जड काम दोघांना द्यावे. गैरहजर असेल त्याच्या जागी कोण हे आधीच ठरलेले असावे, नाहीतर पुन्हा मॉनिटर येतो.

काम झाले नाही तर? बाईंनी चुपचाप स्वतः करून टाकू नये आणि ओरडूही नये. रोप सुकलेले सगळ्यांना दिसू द्यावे. आणि वर्गातले काम ही शिक्षा कधीही असू नये. गृहपाठ केला नाही म्हणून झाडू, उशिरा आला म्हणून मुतारी धू, असे एकदा झाले की सगळी मांडणी कोसळते. मग झाडू हातात असलेल्या प्रत्येक मुलाकडे गुन्हेगार म्हणून पाहिले जाते. शिक्षण हक्क कायद्याने, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. बक्षीसही नको. चॉकलेट मिळणार म्हणून चपला लावणारे मूल चॉकलेट बंद झाल्यावर चपला लाथाडते.

काही कामे लहान मुलांची नव्हेतच. आम्लाने संडास साफ करणे, गरम खिचडीचे पातेले उचलणे, विहिरीवरून किंवा रस्ता ओलांडून पाणी आणणे, विजेच्या बोर्डाची दुरुस्ती, शिक्षकांचा चहा आणि पान. शेवटचे हसण्यावारी नेऊ नका.

आपल्या मुलांच्या बाबतीत दोन बारीक गोष्टी. रमजानमध्ये चौथीतले एखादे मूल हट्टाने रोजा धरते. त्या दिवशी ताटे वाढण्याची पाळी त्याची असेल तर अम्मीने आदल्या दिवशी वहीत एक ओळ लिहून पाठवावी, अदलाबदल होईल. मुलाने स्वतःहून वाढले तरी काही बिघडत नाही, उलट इतरांना जेवू घालण्यात सवाबच आहे. दुसरी गोष्ट, तसबिरीला हार घालणे, दिवा लावणे यांसारखी कामे कधी पाळीत येतात. आपल्याला ती मुलाकडून नको असतील तर वर्षाच्या सुरुवातीलाच, गाजावाजा न करता, शाळेशी बोलावे आणि त्या ऐवजी मुलाने कोणते काम करावे हेही आपणच सुचवावे. नुसते ‘नको’ म्हणून परतणारा पालक मुलाला वर्गाबाहेर उभे करतो. ‘त्या दिवशी सतरंज्या अंथरण्याचे काम याच्याकडे द्या’ म्हणणारा पालक त्याला वर्गात ठेवतो.

शाळा ऐकत नसेल तर? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असे याच कायद्यात आहे. आपल्यातल्या किती जणी त्या बैठकीला जातात? सही घरी पाठवली जाते, आपण करतो. पुढच्या बैठकीत जाऊन एवढेच विचारा: आमच्या वर्गातल्या किती मुलांकडे काम आहे आणि कोणते?

आणि तोवर मकतब आहेच. मगरिबपूर्वी मस्जिदीत कायदा, सिपारा घेऊन बसणारी मुले तीच आहेत. तिथेही हाफिजसाहेब एखाद्या मोठ्या मुलाला सगळे सांगतात. रिहल कपाटातून काढणे, चटया अंथरणे आणि गुंडाळणे, वुजूच्या जागचे नळ बंद आहेत का पाहणे, दारातल्या चपला नीट लावणे, लहानग्याचे बोट धरून अलिफ-बे वाचून घेणे, आज कोण आले नाही ते लक्षात ठेवणे. वीस मुले असतील तर वीस कामे आहेत. वुजूचे नळ सांभाळणाऱ्या मुलाला पाणी वाया घालवणे म्हणजे काय ते पुन्हा सांगावे लागत नाही. यासाठी कुणाच्या मंजुरीची गरज नाही. एक पुठ्ठा आणि वीस चिमटे पुरेत.

घरच्या पाळीबद्दल आम्ही लांबण लावत नाही. एवढेच सुचवतो की शाळेत ज्या पंधरवड्यात मुलाकडे जे काम असेल, तेच घरी त्याच्याकडे द्यावे. शाळेत चपला तर घरीही चपला, शाळेत माठ तर घरीही माठ. दस्तरखान त्याने अंथरला तर तो वाकडा अंथरला जाईल. सरळ करायला उठू नका.

गोडी छाटणी सुरू झाली की ऑक्टोबरात वर्गात नवी नावे येतील. बाईंनी पाच-सहा कोरे चिमटे आधीच बाजूला ठेवलेले बरे, म्हणजे सुरगाण्याहून आलेल्या मुलीचे नाव तिच्या पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यावर लागेल.